रायगडातील दरड, पूर आणि वादळ : घरच्या घरी काय ठरवून ठेवता येईल?

सावित्रीकाठ (धागाकर्ता)

महाड, पोलादपूर, म्हसळा आणि श्रीवर्धन या दक्षिण रायगडातील तालुक्यांत ज्यांचे घर आहे, किंवा ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि स्वतः पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्याला राहतात, अशा सभासदांसाठी हा धागा काढत आहे. पावसाळा तोंडावर आला की टॉर्च, बिस्किटे, औषधे आणि कागदपत्रे यांच्या याद्या सगळीकडे फिरू लागतात. त्या याद्या चुकीच्या नाहीत. परंतु आपल्या भागात माणसे दगावली ती टॉर्च नव्हता म्हणून नव्हे, तर घरातून कधी निघायचे आणि कोणाच्या शब्दावर निघायचे हे आधी ठरलेले नव्हते म्हणून, असे माझे मत झाले आहे.

२५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथील वाडी दरडीखाली गेली, तेव्हा महाड शहर आणि आसपासचे रस्ते पाण्याखाली होते, मोबाइलचे जाळे कोलमडले होते आणि बाहेरची मदत प्रत्यक्ष जागेवर पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावे लागले. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शेवटी शोधकार्य थांबवावे लागले. या प्रत्येक ठिकाणी पहिले कित्येक तास वाडीतली आणि शेजारच्या वाडीतली माणसे हीच काय ती मदत होती.

आपल्या भागाची खरी अडचण आणखी एक आहे. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांना पूर आला की काठावरची माणसे साहजिकच वर सरकतात, आणि वर म्हणजे डोंगराचा पायथा. ज्या पावसाने नदी फुगते, त्याच पावसाने डोंगर भिजून सैल होतो. २०२१ साली पूर आणि दरड एकाच दिवशी आली. म्हणजे पुरापासून सुरक्षित असलेली दिशा ही दरडीच्या दृष्टीने धोक्याची असू शकते, आणि हा निर्णय मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना घ्यायची वेळ येऊ नये.

आमच्या घरात आता ठरलेला नियम सांगतो. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. तेवढा पाऊस झालेला असेल आणि दुपारनंतरही जोर कमी झालेला नसेल, तर दिवेलागणीच्या आत घरातील सर्वांनी ठरलेल्या घरी झोपायला जायचे. चर्चा करायची नाही, कोणाला फोन लावून विचारायचे नाही. रात्र सुखरूप गेली तर सकाळी परत यायचे आणि त्याबद्दल कोणी कोणाला हसायचे नाही.

तालुक्याचा आकडा आपल्या वाडीला लागू पडतोच असे नाही, कारण पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो आणि घाटमाथ्याखालच्या वाडीत त्याच्या दीडपट पाऊस पडून गेलेला असू शकतो. त्यावर उपाय अगदी साधा आहे. रंगाचा रिकामा, सरळ कडांचा डबा झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, मोकळ्या जागी विटांच्या आधाराने उभा करावा आणि ठरावीक वेळी आत पट्टी घालून पाणी मोजावे. डब्याचे तोंड आणि तळ सारख्या मापाचे असतील, तर पट्टीवर दिसणारे मिलिमीटर म्हणजेच पडलेला पाऊस. आमच्याकडे सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी पाचला ही नोंद कॅलेंडरवर होते.

इतरांनी आपापल्या घरी काय ठरवले आहे, ते कृपया लिहावे.

---

कातळसडा

धागाकर्त्यांचा मुद्दा योग्य आहे. त्याला भूगर्भाच्या अंगाने थोडी जोड देतो. आपल्याकडच्या उतारांवर खाली कठीण काळा कातळ आणि त्यावर झिजलेल्या दगडाचा व मातीचा थर असतो. पाऊस थांबून थांबून पडला तर पाणी वाहून जाते आणि झिरपतेही. सलग दोन-तीन दिवस पडला की थर पुरता भिजतो, कातळाच्या वरच्या बाजूला पाणी साठते, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि थराची कातळावरची पकड सुटते. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याइतकेच आधीच्या दोन दिवसांकडेही पाहिले पाहिजे. तीन दिवस भिजलेल्या डोंगरावर पडलेला दीडशे मिलिमीटर पाऊस हा कोरड्या डोंगरावरच्या अडीचशेपेक्षा अधिक घातक ठरू शकतो. २२ जुलै २०२१ च्या त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तिथून पश्चिमेला उतरणारे पाणी सावित्रीच्याच खोऱ्यात येते.

पावसाचा आकडा हा पहिला निकष असला तरी डोंगर स्वतः देतो त्या खुणा त्याहून महत्त्वाच्या आहेत. घराच्या वरच्या बाजूला जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग पडणे, शेताचा बांध एका रेषेत खचणे, विजेचा खांब किंवा झाड उताराकडे कलणे, कालपर्यंत नीट लागणारे दार चौकटीत अडकू लागणे, भिंतीला तिरकी चीर जाणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या सगळ्या खुणा बायकांना आणि गुराख्यांना सर्वांत आधी दिसतात, कारण पाण्याला आणि रानात तेच जातात. त्यांचे म्हणणे घरातल्या कर्त्या पुरुषाने उडवून लावू नये.

सर्वांत गंभीर खूण वेगळी सांगतो. जोराचा पाऊस चालू असताना वाडीजवळचा ओढा अचानक आटला, तर पूर ओसरला असे समजून समाधान मानू नये. वर कुठेतरी माती-दगड येऊन प्रवाह अडलेला असतो आणि तो बांध फुटला की सगळे एकदम खाली येते. अशा वेळी सामान गोळा करत न बसता ओढ्याच्या पात्रापासून आडव्या दिशेने बाहेर पडावे. पात्राच्या दिशेने खाली पळणे म्हणजे येणाऱ्या राड्याच्या, म्हणजे चिखल-दगडांच्या लोंढ्याच्या, वाटेवरच पळणे होय.

इर्शाळवाडी प्रशासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही लक्षात ठेवावे. यादीत नाव असणे हा इशारा आहे. यादीत नाव नसणे ही हमी नाही.

---

डोंबिवलीकर_पोलादपूरचा

हे सगळे पटते, परंतु अंमलबजावणीत माणूस आडवा येतो. माझी आई पंचाहत्तरी ओलांडलेली आहे, घरात एकटी राहते आणि दर पावसाळ्यात आमचे हेच भांडण होते. तिला डोंगराची भीती वाटत नाही. तिला भीती वाटते ती गाय गोठ्यात बांधलेली राहील याची, देवाजवळ दिवा लागणार नाही याची आणि दुसऱ्याच्या घरी रात्री जाऊन पडलो तर वाडीत काय बोलतील याची. २०२१ च्या त्या दिवशी मी दुपारपासून फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हता. तेव्हा सुचत होते ते एकच, गाडी काढावी आणि निघावे. अशा वेळी आमच्यासारख्या दूर राहणाऱ्यांनी नेमके काय करावे?

---

सावित्रीकाठ

डोंबिवलीकर, सर्वांत आधी एक गोष्ट कळकळीने सांगतो : रात्री गाडी काढू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने गेली. त्या गाड्यांतील माणसांनी काही वेडे धाडस केले नव्हते. ती नेहमीच्या महामार्गाने चालली होती. पुरात आईपर्यंत पोहोचणारा माणूस तिथे आधीपासून असलेलाच असला पाहिजे.

म्हणून आईसाठी वाडीतील एक धडधाकट माणूस आणि तो नसेल तर दुसरा, अशी नावे मे महिन्यातच ठरवावीत आणि त्यांना तसे तोंडावर सांगावे. "लक्ष ठेवा हो" एवढे पुरेसे नाही. कोणत्या परिस्थितीत त्यांनी येऊन आईला न्यायचे, ते स्पष्ट सांगितलेले असावे आणि आईच्या समोर सांगितलेले असावे. मुलगा मुंबईहून फोनवर सांगतो तेव्हा म्हातारी माणसे ऐकत नाहीत. शेजारचा पोरगा "काकी, चला" म्हणत दारात उभा राहिला तर उठतात, असा आमच्याकडचा अनुभव आहे. रात्री जायचे ठिकाण परक्याचे वाटू नये म्हणून आम्ही पावसाच्या जोरात दोन-तीन घरांच्या म्हाताऱ्या माणसांना एकत्रच नेतो. तिथे त्यांचे भजन होते, एकमेकींच्या सुनांचा उद्धार होतो आणि रात्र सरते.

गायीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. बांधलेले जनावर पाण्यात मरते, सुटलेले बहुधा वाट काढते. पावसाळ्याचे चार महिने दाव्याला पक्की गाठ न मारता एका ओढीत सुटणारी सुरगाठ मारावी. ओल्याने काथ्याचा दोर फुगतो आणि म्हाताऱ्या बोटांना पक्की गाठ सुटत नाही, हे आईला हाताने करून दाखवले तर ती तुमच्यापेक्षा लवकर समजेल. घरातून निघताना गाठ ओढायची आणि गोठ्याचे दार उघडे ठेवायचे, एवढे तिच्या हातात दिले तर तिचा निम्मा विरोध मावळेल असे वाटते.

---

वाडीतली

मी श्रीवर्धन तालुक्यातील किनाऱ्यावरची आहे, त्यामुळे आमचे संकट वेगळे. वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येणार हे आम्हांला ठाऊक होते, टाळेबंदी चालू असतानाही किनाऱ्यावरच्या कुटुंबांना हलवले गेले, आणि त्यामुळे जीवितहानी त्या मानाने कमी झाली. आमची खरी परीक्षा वादळानंतर सुरू झाली आणि तिच्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही.

ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब मोडले आणि वीज गेली, ती काही गावांत कित्येक आठवडे आली नाही. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे पाणी नाही. घरोघरी विहिरी पाण्याने भरलेल्या होत्या. परंतु मोटार बसवली तेव्हा अडगळ नको म्हणून बहुतेकांनी रहाट काढून टाकला होता. पाणी डोळ्यांना दिसत होते आणि वर काढायला दोर नव्हता, पोहरा नव्हता, कप्पी नव्हती. आता आमच्या आळीत प्रत्येक विहिरीवर निदान कप्पी आणि दोर ठेवतात. ज्यांच्याकडे बोअरवेल आहे त्यांना तोही मार्ग नाही; त्यांनी शेजारच्या विहिरीशी संबंध चांगले ठेवावेत.

छपराबद्दल थोडे सविस्तर लिहिते. वारा छप्पर वरून दाबत नाही, तो वळचणीखाली शिरून त्याला उचलतो. म्हणून पत्रे उडतात ते कडेपासून. नुसते खिळे मारलेले पत्रे पहिल्या तडाख्यात जातात. वाश्यांना धरणारे हुक, त्यांवर रबरी वायसर, आणि कडेच्या रांगेत मधल्यापेक्षा दाट अंतरावर हुक, असे काम करून घेतले तर छप्पर टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. कौले असतील तर कडेच्या आणि आढ्याच्या ओळी सिमेंटात बसवून घ्याव्यात. हे काम मेच्या आधी करावे, कारण वादळानंतर पत्रा आणि सुतार या दोन्हींचे भाव काय होतात ते आम्ही पाहिले आहे. घरावर झुकलेला माड असेल तर त्याचा मोह धरू नये. झावळ्या आणि नारळ उतरवून घेणे हा किमान उपाय आहे.

वादळ चालू असताना घरातील सर्वांत लहान, स्लॅबची किंवा पक्क्या भिंतींची खोली धरावी. मध्येच वारा पडला म्हणून कोणी बाहेर जाऊ नये; वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, सरकला की वारा उलट दिशेने त्याच जोराने येतो. आणि घरात कोयता, करवत व जाड दोर हवाच, कारण दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा करायला कोणी येत नाही, तो आपणच करायचा असतो.

---

भरतीओहोटी

चर्चा चांगली चालली आहे. तरीही एक आक्षेप नोंदवतो. डबा ठेवून पाऊस मोजा, सुरगाठ मारा, कप्पी लावा, हे सगळे ठीक. परंतु घराघरावर तयारीची जबाबदारी टाकली की प्रशासन सुटते. धोक्याच्या जागेवरून वस्ती हलवणे हे कुटुंबाच्या आवाक्यातले काम नाही. तळीयेच्या लोकांना म्हाडाची घरे मिळेपर्यंत कंटेनरमध्ये दीर्घ काळ राहावे लागले. २००५ सालच्या दरडग्रस्तांचे पुनर्वसनही वर्षानुवर्षे रेंगाळले. महाडच्या पुराचेच पाहा. सावित्रीच्या पात्रात साचलेला गाळ, दासगावजवळ खाडीत आलेली बेटे आणि रेल्वेचा भराव यांनी पाण्याचा निचरा अडतो, असे महाडकर किती वर्षे सांगत होते. गाळ काढण्याचे काम २०२१ च्या पुरानंतर जोरात सुरू झाले. घरातला पोटमाळा कितीही उंच केला तरी नदीचे पात्र घरमालकाला खोल करता येत नाही.

महाडकरांसाठी एक माहिती मात्र देतो, जी घरच्या घरी उपयोगी पडते. बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी आत चढत असते तेव्हा नदीच्या पुराला समुद्राकडे जायला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी पौर्णिमा जवळ आलेली होती, म्हणजे भरती उधाणाची होती. पुराच्या दिवशी भरतीची वेळ पंचांगातून किंवा कोळ्यांकडून विचारून घ्यावी. भरती चढत असताना पाणी उतरेल या आशेवर तळमजल्यावर थांबण्यात अर्थ नसतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तोच पाऊस तुलनेने कमी त्रास देतो.

---

सावित्रीकाठ

भरतीओहोटी यांच्या आक्षेपाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि धोकादायक वस्तीचे स्थलांतर ही त्यांचीच जबाबदारी आहे. परंतु स्थलांतराचा प्रस्ताव, जागेचा शोध, मोजणी, निधी आणि बांधकाम यांना लागणाऱ्या वर्षांत प्रत्येक जून येतच राहतो. घरचा नियम हा त्या मधल्या पावसाळ्यांसाठी आहे. तो पाळणाऱ्याने पुनर्वसनाची मागणी सोडावी असे मी कुठेही म्हटलेले नाही. उलट कॅलेंडरवरच्या पावसाच्या नोंदी आणि भेगांची तारखेसह छायाचित्रे असतील तर तीच मागणी अधिक जोराने करता येते.

भरतीच्या वेळेचा मुद्दा मात्र माझ्या मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. त्याबद्दल आभार.

---

सातबारा

मी महसूल खात्यात बरीच वर्षे काढली आहेत आणि पंचनाम्यांचे ढीग पाहिले आहेत. मदत का अडते, हे कागदाच्या बाजूने लिहितो, कारण आपल्या कोकणात संकटाइतकाच कागदही माणसाला छळतो.

पहिली अडचण नावाची. घरपट्टी आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर चुलत्यांसह अकरा नावे, त्यांतली सहा माणसे मुंबईत, दोन वारलेली आणि राहणारी व्यक्ती तिसरीच, ही आपल्याकडची सर्वसाधारण स्थिती आहे. पडझडीचा पंचनामा झाला तरी पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे यावर गाडे अडते आणि मग सहहिस्सेदारांची संमतिपत्रे गोळा करत दिवाळी येते. वारस नोंदी पावसाळ्याआधी करून घ्याव्यात. ते लगेच जमणारे नसेल तर निदान सहहिस्सेदारांचे संमतिपत्र आधीच करून ठेवावे. गणपतीत सगळे घरी जमतात, तेव्हा आरतीनंतर अर्धा तास काढला तरी हे काम होते. भावकीतले जुने वाद त्या दिवशी उकरून काढू नयेत एवढीच विनंती.

दुसरी अडचण झाडांची. वाडीत ऐंशी पोफळी उभ्या असतात आणि पीकपाहणीत त्यांचा उल्लेखच नसतो. झाडे आडवी झाल्यावर ती होती हे सिद्ध करणे कठीण जाते. ई-पीक पाहणीत फळझाडांची नोंद करावी. निसर्ग वादळानंतर बागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये मदत जाहीर झाली, तो आकडा ऐकायला मोठा वाटतो. परंतु दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने सुमारे ५,००० रुपये येतात, आणि आपल्या किनाऱ्यावर दहा-पंधरा गुंठ्यांच्याच वाड्या अधिक. म्हणूनच पुढे झाडामागे मदत देण्याची मागणी झाली आणि तसा निर्णयही घ्यावा लागला. झाडामागे मोजणी व्हायची असेल तर झाडांची नोंद आधीपासून असणे किती गरजेचे आहे, ते यावरून समजावे.

तिसरी गोष्ट जनावरांची. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार दुभत्या मोठ्या जनावरासाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावरासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये असे दर ठरले होते. त्यासाठी जनावराच्या कानातला बिल्ला आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो. बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहिलेला असावा, कारण पुरात वाहून गेलेल्या जनावराचा कान तपासता येत नाही. याच निकषांत कपडे-भांड्यांच्या मदतीला घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट येते. राज्य सरकार कधी कधी ती शिथिल करते, परंतु दर वेळी करीलच असे नाही. महाडसारख्या ठिकाणी पाणी चढते झपाट्याने आणि उतरतेही लवकर. म्हणून पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे काढावीत आणि भिंतीवरची ओल पंचनामा होईपर्यंत पुसून काढू नये.

पंचनाम्याला तलाठी येतील, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ग्रामसेवक आणि कृषी सहायकही येतील. त्यांच्यामागे पन्नास घरे असतात. चिडून उपयोग नाही. घराची कोरड्या दिवसांतली चारही बाजूंची आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे आधीच काढून मुंबईतल्या नातेवाइकाच्या फोनवर ठेवलेली असतील, तर आधीची आणि नंतरची अवस्था समोरासमोर दाखवता येते आणि नुकसानीची टक्केवारी ठरवताना वाद उरत नाही.

---

परिचारिका_ग्रामीण

औषधांच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगते, बाकी याद्यांमध्ये असतेच. रक्तदाब, मधुमेह आणि फिट्स यांची औषधे महिना संपत आल्यावर आणण्याची सवय पावसाळ्यात मोडावी आणि पंधरा दिवसांचा साठा नेहमी शिल्लक ठेवावा. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी वीज गेल्यावर फ्रिजचा उपयोग नाही. मातीच्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन ठेवले तर काही दिवस निभावते. जुलै-ऑगस्टमध्ये बाळंतपण अपेक्षित असेल तर त्या बाईला निदान पंधरवडाभर आधी रुग्णालय जवळ असलेल्या गावात नातेवाइकांकडे न्यावे. घाटातल्या वाडीतून पुराच्या रात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तरी ती रस्त्याशिवाय येऊ शकत नाही.

पूर ओसरल्यावरचे दोन आठवडे हा आमच्या दृष्टीने दुसरा पूर असतो. चिखल उपसताना पायाला जखम आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस, हे कोकणाला नवे नाही. गमबूट नसतील तर पायांना जाड प्लॅस्टिक बांधून तरी चिखलात उतरावे आणि ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे दिसताच अंगावर काढू नये. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. साप आणि विंचू कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात, त्यामुळे गादी, बूट आणि लाकडांचा ढीग काठीने हलवल्याशिवाय हात घालू नये. विंचूदंशाने लहान मुले दगावण्याचे प्रमाण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे फार कमी झाले. परंतु ते उपचार मिळण्यासाठी मुलाला दवाखान्यात न्यावे लागते, मांत्रिकाकडे नव्हे.

---

कातळसडा

एक राहून गेले. रात्री जायचे "सुरक्षित ठिकाण" म्हणून बहुतेक गावे शाळा ठरवतात. ती शाळा कुठे बांधली आहे ते एकदा जाऊन पाहावे. वाडीत सपाट जागा कमी असते, म्हणून शाळेसाठी डोंगर कापून सपाटी केलेली असते किंवा ओढ्याच्या तोंडाशी जुन्या राड्याने तयार झालेली सपाट जमीन निवडलेली असते. मोठमोठे गोटे मातीत अर्धे रुतलेले दिसत असतील, तर पूर्वी कधीतरी डोंगर तिथे येऊन गेलेला आहे. अशा इमारतीपेक्षा दांडावरचे, म्हणजे दोन ओढ्यांच्या मधल्या उंचवट्यावरचे, एखादे साधे घर बरे. घराच्या मागे उभी कापलेली दरड असेल आणि निघणे शक्यच नसेल, तर निदान मागच्या खोलीत कोणी झोपू नये.

---

डोंबिवलीकर_पोलादपूरचा

वरचे सगळे वाचून गेल्या शनिवारी गावी जाऊन आलो. सुरगाठ आईला पसंत पडली, फक्त ती माझ्यापेक्षा चांगली मारते. वाडीतल्या दोन मुलांना तिच्यासमोर जबाबदारी दिली. आईने अट घातली आहे की तिच्याबरोबर शेजारच्या दोन्ही म्हाताऱ्या येणार असतील तरच ती हलेल, आणि त्यांपैकी एकीच्या मुलाशी आमचे बांधावरून पाच वर्षे बोलणे नाही. त्यालाही फोन केला. तो हो म्हणाला.

आता प्रश्न असा आहे की ज्या घरी झोपायला जायचे ते वाडीतले एकच दांडावरचे घर आहे, त्याचे मालक बोरिवलीला असतात आणि घराला वर्षभर कुलूप असते. किल्ली मागायची कशी?

---

सावित्रीकाठ

किल्ली व्यक्तीने मागू नये, वाडीने मागावी. १ मेच्या ग्रामसभेत विषय लेखी द्यावा : अतिवृष्टीच्या रात्रींसाठी अमुक घर निवाऱ्याला घ्यायचे, किल्ली पोलीस पाटलांकडे राहील, वापरानंतर साफसफाई आणि मोडतोड यांची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल. ठराव झाला की त्याची प्रत मालकांना पाठवावी. बंद घरांचे मालक नकार देतात ते बहुधा माणसांना नव्हे, तर नंतर उद्भवणाऱ्या ताब्याच्या वादाला घाबरून. म्हणून ठरावात "तात्पुरता वापर, कोणताही हक्क निर्माण होणार नाही" हे वाक्य अवश्य घालावे. त्याच सभेत तहसील कार्यालयाचा नियंत्रण कक्ष आणि जिल्ह्याचा १०७७ हा क्रमांक शाळेच्या व देवळाच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. १५ ऑगस्टच्या सभेपर्यंत थांबू नये, तोवर जुलै होऊन गेलेला असतो.

ठरावाचा मसुदा कोणाला हवा असल्यास सांगावे, सातबारा यांनी तपासून दिल्यावर इथेच टाकतो.

---

सातबारा

मसुदा टाका, पाहतो. त्यात घराचा मिळकत क्रमांक आणि चतुःसीमा लिहायला विसरू नका, आणि मालक एकाहून अधिक असतील तर प्रत सर्वांना नोंदणीकृत टपालाने पाठवा.